धरलेला श्वास

दवाखान्यात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे घुबडबाई म्हणायचे. तोंडावर नाही हो, तेवढी छाती कुणाची! भर दुपारी खोलीत अंधार करून बसायचं, हा त्यांचा धंदाच. घरी वाट बघणारं कुणी नाही. म्हणून शेवटचा पेशंट गेला तरी बाई मशीनशी गप्पा मारत बसायच्या. मशीन बिचारं ऐकून घ्यायचं.

एका दुपारी एक आई आपल्या चिमणीला कडेवर घेऊन आली. पोरीचा ताप औषधांना भीक घालत नव्हता, आणि उजव्या बरगडीला नुसतं बोट लागलं तरी ती किंचाळायची.

"लिव्हरमध्ये पू झालाय असं वाटतंय," बाई म्हणाल्या. "पण तो दिसायला तर हवा. नाहीतर सुई घालायची कुठं? आणि आतल्या आत फुटला तर..."

त्यांनी गार जेल लावलं. पडद्यावर नुसतं राखाडी धुकं. पू असलाच तर पार वर, बरगड्यांच्या आड दडलेला. पोरीनं खोल श्वास घेऊन धरला, तरच लिव्हर खाली सरकणार.

"चिमणे, मोठ्ठा श्वास घे... आणि धर."

दुखण्यानं पोरीला श्वासच घेववेना. बाई विनवून विनवून थकल्या. पडद्यावरची नजर न हलवता पुटपुटल्या, "धर की रे, राजा..." सगळ्या पोरांना त्या राजाच म्हणायच्या.

आणि लिव्हर खाली आलं. हळूच आलं, तिथंच थांबलं. वरच्या टोकाला काळा खड्डा, आत गाळ तरंगतोय. बाईंनी निवांत मापं घेतली, कातडीवर पेनानं खूण केली.

"शाब्बास! केवढा वेळ धरलास गं!"

"बाई..." आईचा आवाज एकदम दबका. "ती कुठं धरतेय? केव्हाची हुंदके देतेय..."

खरंच की. पोरीची छाती भात्यासारखी हलत होती. पडद्यावर लिव्हर मात्र दगडासारखं स्थिर.

खुणेवर सुई गेली, पू निघाला, नळी बसली, सलाइनमधून औषधं सुरू झाली. पोर वाचली. पुढं ताप उतरल्यावर तर "ती गार बाई नको" म्हणून भांडायलाही लागली!

पण त्या संध्याकाळी बाई एकट्याच खोलीत परतल्या. मशीन बंद केलं, त्याची घरघर विझली. जेलचा ओलसर वास तेवढा उरला. कुणी श्वास धरला की त्याचा आवाज येतो का हो? नाही ना येत? बाईंना नेमकं तेच ऐकू येत होतं. पलंगावर नुकत्याच बदललेल्या, कुणी टेकलंही नव्हतं अशा धुतलेल्या चादरीत लहान पोराएवढा खळगा पडला होता.

मग त्यांना आठवलं. 'धर'च्या मागोमाग रोज म्हणायचा तो शब्द आज राहूनच गेला होता. सोड.

शब्द जिभेवर आला. पण त्यांच्या एका शब्दासाठी इतकं ताटकळत आजवर कुणी थांबलंच नव्हतं...

चादर त्यांनी तशीच राहू दिली. दिवा घालवला आणि दार ओढता ओढता हळूच म्हणाल्या,

"धरून ठेव हं, राजा... उद्या येते."