भस्म्याचे दात

धातू प्रयोगशाळेच्या टेबलावर जयसिंगराव घोरपड्यांनी टॉवेलची गाठ सोडली. आतून ताटलीएवढी, जाड कडी निघाली. तिच्या आतल्या कडेचे दात झिजून पार गुळगुळीत झाले होते.

"वर्सात ही दुसरी," ते म्हणाले. "नवी द्या. बसवतो माझी मी."

कडी चर्वकाची होती. कोल्हापुरात आता प्रत्येक स्वयंपाकघरात सिंकखाली चर्वक असे. खरकटं दळून तो गल्लीच्या गॅसटाकीत सोडी. जयसिंगरावांचा चर्वक त्यांच्या बायकोनं, हेमलतानं, हौसेनं निवडला होता. काहीही टाकलं तरी खातो म्हणून तिनंच त्याचं नाव भस्म्या ठेवलं. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"काका, हे मॉडेल बंद झालं," तरुण इंजिनिअर अभिनंदन चौगुले म्हणाला. "अख्खा चर्वकच बदलावा लागेल."

"भस्म्या जायाचा न्हाई."

जयसिंगराव एवढंच बोलले. हेमलता रोज ज्यांच्याशी भांडायची असे घरात आता दोघंच उरले होते, ते आणि भस्म्या.

डॉ. रेश्मा मुजावर यांनी कडी भिंगाखाली धरली. कडी ज्या अस्थिधातूची होती, तो त्यांनीच घडवला होता.

"अभिनंदन, हा झिजला कशानं?"

"जास्त वापरानं, मॅडम. हाडं, कोयी..."

"छे! हा आपल्या हाडांसारखा आहे. जिथं मार बसतो तिथं धातूचे कण येऊन साचतात, दात वाढतात. आणि मार बसलाच नाही तर?"

"कण निघून जातात," अभिनंदन हळूच म्हणाला. "अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात, तसं." मग तो वळला. "काका, तुम्ही ह्यात टाकता तरी काय?"

"काय टाकत न्हाई ते इचारा!" जयसिंगराव ताठ बसले. "हाड न्हाई, कोय न्हाई, कढीपत्त्याची काडीसुदिक न्हाई. समदं गाळून घालतोय. तिची वस्तू हाय, जपाय नको?"

"आणि जेवता काय?" रेश्माताईंनी विचारलं.

"दहीभात. एकट्याला काय लागतंय?"

रेश्माताईंनी कडी परत टॉवेलात ठेवली. "काका, जपून जपून उपाशी मारलंत की त्याला! नवी कडी दिली असती तरी तिचं हेच झालं असतं. हीच बसवा आणि रोज हाडं घाला. दात परत येतील."

"रोज? एक माणूस मटण खाऊन खाऊन किती खाणार?"

"एकट्यानं खा असं कोण म्हणतंय?"

घरी येऊन जयसिंगराव ओट्याखाली आडवे झाले. बटण बंद करून त्यांनी कडी खाचेत बसवली, स्क्रू पिळले. मग पातेलं काढलं. पहिला तांबडा रस्सा खारट झाला.

"हेमावहिनींचा हात नाही हो ह्याला," जेवायला बोलावलेले शेजारचे कारेकर म्हणाले.

"न्हाईच. पर हाडं टाकून जावा."

हळूहळू मीठ जमलं, माणसं वाढली. अभिनंदन मटणाला शिवत नसे. तो कोयींची पिशवी घेऊन आला आणि पिठलं-भाकरी खाऊन गेला. भस्म्या कडकड वाजू लागला. जयसिंगराव त्याला म्हणत, "सावकाश खा की, मेल्या!"

उन्हाळा संपता संपता भस्म्या एकदम अडकला. रेश्माताई स्वतः आल्या. कडी काढली आणि हसायलाच लागल्या.

"काका, दात वाढून मधल्या फिरत्या चकतीला टेकलेत! काळजीचं काही नाही. पंधरा दिवस हाडं बंद ठेवा. काम कमी झालं की आपोआप उतरतील."

जिन्यात वाट्यांचा खणखणाट झाला. कुणीतरी ओरडलं, "जयसिंगतात्या, रस्सा उकळला का?"

जयसिंगरावांनी शेगडीवरच्या मोठ्या पातेल्याकडे बघितलं, मग रेश्माताईंकडे.

"बंद ठेवतो की," ते दार उघडत म्हणाले. "पर ह्यास्नी तेवढं तुमी सांगा."