दुसरं बोलावणं

काशीत मेलेल्या माणसाला थेट मोक्ष मिळतो. त्यामुळे काशीत भूत असूच शकत नाही. हे शास्त्र आहे, आणि शास्त्रापुढे मी कोण?

आमच्या गल्लीत एकच आहे.

ते दर वर्षी दहा मेला, भर दुपारी बारा वाजता दार वाजवतं. तिथी नाही, तारीख. दूधविनायकावरच्या मराठी भटजींच्या घरचं भूत, आणि इंग्रजी कॅलेंडर बघून येतं, याचं मला भीतीइतकंच वाईट वाटतं.

मी आयुष्यभर थट्टेचे लेख लिहिले. ते बहुतेक खोटे असत आणि लोकांना खरे वाटत. हे खरं आहे. तुम्हांला काय वाटायचं ते वाटो.

२०२१चा एप्रिल महिना.

आमच्या समोरच्या घरात विष्णुभट आणि कालिंदीकाकू राहत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं भटजी अमृतराव घाटावर करीत आणि काकू त्या यात्रेकरूंना जेवू घालीत. एका पंगतीला चाळीस पानं उठायची. बाकीची गल्ली त्यांना खोल्या भाड्याने देई. म्हणजे आम्ही सगळेच काकूंच्या आमटीवर जगत होतो. फक्त तसं म्हणत नव्हतो.

रोग आल्यापासून वर्षभर यात्रेकरू नव्हते. नावा घाटाला बांधून पडल्या. खोल्यांत कोळ्यांनी मुक्काम केला. भटजी तांब्याला फोन टेकवून नागपूरच्या यजमानांचं श्राद्ध काशीतून सांगत.

मग घाटावर प्रेतांची रांग लागली... आणि मंत्र म्हणायला कोणी मिळेना.

भटजी गेले. रोज गेले.

गल्ली चिडली. भटजींच्या जिवाची चिंता कोणालाच नव्हती. गल्लीत रोग आहे असं बाहेर कळलं तर पुढच्या वर्षीही खोल्या रिकाम्या राहतील, ही चिंता होती.

अठ्ठावीस एप्रिलला भटजी वारले. खांदा द्यायला गल्लीतलं कोणी गेलं नाही. शेजारच्या देवदत्तने, तो बँकेत होता आणि त्याला नियमांची आवड होती, काकूंना गल्लीच्या नळावर यायला बंदी केली. त्यांच्या दारावर कागद लावायचं ठरलं. मजकूर लिहिणारा मी.

'या घरी कोणी जाऊ नये. या घराने कोणाकडे येऊ नये.'

दुसऱ्या वाक्याला सगळे हसले. मलाही ते जमलंय असं वाटलं.

आता एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्यात जेवणाचं बोलावणं दोनदा करतात. पहिलं आदल्या दिवशी. दुसरं, पानं वाढून झाली की दारात येऊन. दुसरं बोलावणं आल्याशिवाय मानी माणूस जागचा उठत नाही. आणि तेराव्याच्या जेवणाला कोणी 'नाही' म्हणत नाही. अशुभ असतं.

नऊ मेला काकूंनी घरोघर फोन केला. उद्या ह्यांचं तेरावं आहे, या म्हणाल्या.

गल्लीतली सगळी 'येतो' म्हणाली.

मीही म्हणालो, "येतो काकू. आम्ही दोघंही येतो."

माझी बायको मालविका बघतच राहिली. खरंच जायचंय का, असं तिने विचारलं. मी तिला समजावलं, असं म्हणायचं असतं.

दहा मे. दुपारी बारा.

गल्लीत चपलांचा आवाज आला...

आधी देवदत्तचं दार वाजलं. तीन टकटका. मग श्रीनिवास मास्तरांचं. मग प्रभावतीबाईंचं. एकही कडी निघाली नाही.

मग आमचं.

"रत्नाकरराव, पान वाढलंय. चला."

मालविका उठली. मी तिचा हात धरला आणि दुसरा हात तिच्या तोंडावर ठेवला. पंखासुद्धा बंद केला. घरात कोणी नाही असं वाटावं म्हणून.

काकू बराच वेळ उभ्या होत्या. दाराच्या फटीतून त्यांची पावलं दिसत होती.

मग म्हणाल्या, "मालविका, तू तरी."

मी हात काढला नाही.

नऊ दिवसांनी काकू गेल्या. काय झालं होतं ते कोणी तपासलं नाही. इंदूरहून कोणी लांबचे नातेवाईक आले, घराला कुलूप घातलं आणि अंघोळ करून परत गेले. काकूंचं तेरावं झालंच नाही.

पुढच्या वर्षी यात्रेकरू आले. खोल्या भरल्या. गल्ली सगळं विसरली.

दहा मे २०२२. दुपारी बारा. देवदत्तच्या दारावर तीन टकटका.

त्याने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, आमटी अळणी झालीय. तिने मीठ दिलं. त्याने घातलं. तरी अळणी. मग भात अळणी. मग लोणचंही अळणी...

महिन्याभराने त्याने ताट सरकवायला सुरुवात केली. जेवून आलोय, म्हणायचा. कुठे, असं विचारलं की समोरच्या कुलपाकडे बोट दाखवायचा.

पावसाळा संपेपर्यंत तो गेला. दाखल्यावर 'अशक्तपणा' असं लिहिलं होतं.

२०२३ला श्रीनिवास मास्तर.

२०२४ला प्रभावतीबाई. त्यांनी दार उघडायचंच नाही असं पक्कं केलं होतं. पण हाक त्यांच्या मुलीच्या आवाजात आली. मुलगी त्या वेळी भोपाळला होती.

चौथं घर आमचं. आणि 'दोघंही येतो' असं मीच बोलून बसलो होतो.

यंदा एप्रिल लागताच मी पुण्याला जाऊ म्हणालो. मालविका नाही म्हणाली. काकूंचं तेरावं राहिलंय, ते आपण घालू, म्हणाली. तिने दोन दिवस खपून स्वयंपाक केला. आदल्या दिवशी गल्लीत घरोघर फोन केला.

सगळी 'येतो' म्हणाली.

गेल्या दहा मेला आमच्या माजघरात तेरा पानं मांडली. प्रत्येक पानाच्या वरच्या टोकाला मीठ मी स्वतः वाढलं. साडेअकराला मालविका दुसरं बोलावणं करायला बाहेर पडली. कोणी हाक मारली तरी दार उघडू नका, एवढं मला बजावून.

मी आतून कडी घातली.

दारामागून ऐकत होतो. टकटक... थांबणं... पुन्हा चपला. पुढचं दार. टकटक... थांबणं... कोणी उघडत नव्हतं. पंखे मात्र एकेक करून बंद होत होते. ते मला बरोबर ओळखू आलं.

बारा वाजले.

आमच्या दारावर तीन टकटका.

"अहो, दार उघडा. कोणी येत नाही हो."

मालविकाचा आवाज.

मला प्रभावतीबाईंची मुलगी आठवली... मी खाली वाकलो. फटीतून पाहिलं. पावलं होती. कोणाची ते कळेना.

"अहो, ऊन लागतंय. बस झालं आता. उघडा."

मी कडीवर हात ठेवला. काढली नाही.

मग समोरच्या घरातून दुसरा आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, शांत.

"मालविका, पान वाढलंय. ये."

पावलं वळली.

मी कडी काढली. पण कडी काढायला घाबरलेल्या माणसाला किती वेळ लागतो, हे तुम्हांला सांगून कळणार नाही.

गल्ली रिकामी. समोरच्या दाराला गंजलेलं कुलूप तसंच. आतून मात्र वाढल्याचे आवाज येत होते. वाटीवर पळी आपटत होती...

मी कुलूप ओढलं. दार बडवलं. गल्लीला हाका मारल्या. 'ओ' कोणी दिली नाही.

मग आवाज थांबले. मी मागे वळलो, तर मालविका मागेच, त्या घराच्या पायरीवर बसली होती. हात धुऊन ओले होते. नखांत हळद होती.

"तुम्ही उघडलं नाहीत," ती म्हणाली. "मग मी तिथल्या पानावर बसले."

घरात आलो. तेरा पानं जशीच्या तशी. भात जागच्या जागी.

मीठ मात्र एकाही पानावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर एक कागद दिसला. पिवळा पडलेला, अक्षर माझं. 'या घरी कोणी जाऊ नये. या घराने कोणाकडे येऊ नये.' खळ अजून ओली होती.

हा कागद भुताने लावला असेल तर ठीक आहे. गल्लीने लावला असेल, तर मला झोप लागणार नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कोणी येत नाही. दूधवाला लोटा पायरीवर ठेवून, "पंडितजी, दूध रख दिया," असं कोपऱ्यावरून ओरडतो आणि पळतो.

मालविका ठीक आहे. चालते, बोलते, माझ्यावर पूर्वीइतकीच चिडते. मी तेवढ्यावर खूश होतो.

काल रात्री जेवताना ती थांबली.

"आमटी अळणी झालीय का हो?"

मी घास घेतला. घशाखाली उतरेना, इतकी खारट.

"हो," मी म्हणालो. "जरा अळणीच आहे."

तिने मिठाच्या डब्यात हात घातला. डबा रिकामा होता.

तेव्हा एक विनंती. यंदा काशीला येणार असाल तर आमच्याकडे उतरा, खोली रिकामी आहे. 'येतो' म्हणू नका, या. आणि येताना किलोभर मीठ घेऊन या. कोपऱ्यावरचा बनिया आम्हांला देत नाही.

जाडं आणा. बारीक तिला पुरत नाही.