भोंग्यावर सांगितलेला माणूस

तो मोठा दिवा नको लावूस अनया, स्वयंपाकघरातला आहे तेवढा पुरे. आणि रेन, गोल्डन वीकच्या सुट्टीत तुम्ही सगळे गाडी घेऊन कुमानोकडे निघालाय म्हणे? समुद्राकाठच्या रस्त्याने, आरामात? जा की, मी अडवत नाही. त्या रस्त्यावर माझ्या एका मित्राच्या बाबतीत काय झालं, तेवढं ऐका आणि मग जा.

प्रसन्न देवस्थळी. नागोयाला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. मी तेव्हा बँकेत, राहायचो त्याच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. ही हकिगत मला त्याने सांगितली आणि नंतर त्याच्या बायकोने, वृंदाने, वेगळी सांगितली. दोघांच्या सांगण्यात एकाच ठिकाणी फरक आहे. तो आला की सांगतो.

साल पंच्याण्णव. तीन नोव्हेंबर, शुक्रवार, सुट्टीचा दिवस. जोडून शनिवार-रविवार. प्रसन्नचा ऑफिसातला मित्र सत्यजित कुंटे महिनाअखेरीस पुण्याला परत जाणार होता. त्याचं पोस्टिंग एक वर्ष आधीच आटोपतं घेतलं होतं. का, ते त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. तर जाण्याआधी प्रसन्न, वृंदा आणि तो, तिघांनी मिळून एकदा किनाऱ्याने फिरून यावं असं ठरलं. एक्स्प्रेसवे घ्यायचा नाही. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, वाटेल तिथे थांबायचं, मासे खायचे, दुपारी बंधाऱ्यावर आडवं व्हायचं.

आणि एक काम होतं. कारखान्यातले निशिमुरा-सान म्हणून फोरमन, त्यांची आई ओवासे गावाच्या पुढे एका कोळीवस्तीत एकटी राहायची. थंडी सुरू होतेय, तर तिला विजेचं पांघरूण पोचवाल का, असं त्यांनी विचारलं होतं. एवढंच.

चारच्या सुमाराला म्हातारीकडे पोचले. तिने चहा केला, संत्री सोलून पुढे ठेवली. प्रसन्न मधेच उठून कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवर गेला. मुक्काम पुढच्या गावात होता, उशीर होईल म्हणून कळवायला. सत्यजित खिडकीतून त्याच्याकडे बघत होता. वृंदाने ते पाहिलं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नाही.

निघाले. दूर कुठेतरी समुद्रात वादळ होतं, लाटा मोठ्या होत्या. पाचला पाच मिनिटं असताना एका वस्तीपाशी बंधाऱ्यावर उतरले, मागच्या डोंगराआड सूर्य बुडताना बघायला. गार वारा सुटला, तसा सत्यजितने बॅगेतून स्वेटर काढून घातला. मरून रंगाचा. सकाळपासून पहिल्यांदाच.

पाच वाजले. खांबावरच्या भोंग्यावर गाणं लागलं. तुम्हाला माहीतच आहे, पोरांनी घरी जावं म्हणून रोज लागतं तसलं. गाणं संपलं. भोंगा खरखरला, आणि एक बाई बोलायला लागली. त्या भोंग्यांवर बोलतात तसं, एकेक शब्द सुटा. डोंगरावर आपटून तो पुन्हा ऐकू येतो.

प्रसन्नला जपानी उत्तम यायचं. त्याने हसत हसत भाषांतर केलं. "एक माणूस हरवलाय. वय साधारण पस्तीस. परदेशी. चष्मा... मरून स्वेटर." आणि सत्यजितच्या पाठीवर थाप मारली. "कुंटे, तुलाच शोधतायत!"

सत्यजित हसला नाही.

"पुढे काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही जपानीच्या क्लासला जाता ना?"

वृंदाला सगळं नव्हतं समजलं. पण आकडे समजले होते. ती म्हणाली, "आज संध्याकाळी सहा वाजता शेवटचा दिसला, असं म्हणाली."

तिघांनीही घड्याळं पाहिली. पाच वाजून चार मिनिटं.

काय रेन? 'उसो'? खोटं सांगायचं असतं तर मी तारीखवार सांगत बसलो असतो का? ऐक.

गाडीत बसले. प्रसन्न म्हणाला, कालच्या सहाचं असेल, आपल्या ऐकण्यात चूक झाली. वृंदा म्हणाली, तसंच असेल. गाडी बरीच पुढे आली. मग मागच्या सीटवरून सत्यजित म्हणाला, "म्हातारीकडे असताना फोन कुणाला केलास?"

"मुक्कामाच्या ठिकाणी."

"नक्की?"

"अरे, म्हणजे काय?"

"म्हणजे माझं वर्णन या लोकांकडे कुठून आलं? ही गंमत असेल तर मला आवडलेली नाही, प्रसन्न."

"मी गावोगावच्या भोंग्यांवर फोन करून तुझी गंमत करणार? वेडा आहेस का?"

"तू काय करशील ते मला आता सांगता येत नाही." आवाज अगदी शांत होता. "ऑगस्टमध्ये विभागप्रमुखांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

वळणं होती. प्रसन्नने समोर बघत उत्तर दिलं. "काही नाही."

वृंदाने नवऱ्याकडे पाहिलं. दहा वर्षांचा संसार. त्याचा खोटा आवाज तिला ओळखता येत होता.

"गाडी थांबव," सत्यजित म्हणाला.

खाली एक छोटं बंदर होतं, पंधरा-वीस घरं. रस्त्याच्या कडेला शीतपेयांचं एक यंत्र, त्याचाच काय तो उजेड. गाडी थांबली. सत्यजित उतरला. "थोडा चालून येतो. मागे येऊ नका." यंत्राच्या उजेडात मरून स्वेटर एकदा दिसला. मग तो बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर वळला.

गाडीतल्या घड्याळाचे आकडे हिरवे होते. सहा, शून्य, शून्य.

दोघांनीही ते पाहिलं.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास. वृंदा म्हणाली, "जा, बघून ये." प्रसन्न टॉर्च घेऊन खाली गेला. ती काचा वर करून, दारं लावून बसली. आणि इथे त्या दोघांच्या सांगण्यात फरक आहे. प्रसन्न म्हणतो, मी दहा मिनिटांत परत आलो. बंदरात हाका मारल्या, कुणी दिसलं नाही. वृंदा म्हणते, पंचवीस मिनिटं. ती घड्याळच बघत होती.

परत आला तेव्हा तो घामाघूम होता. "नाहीये," म्हणाला. दोघांनी गाडी वस्तीत नेली. हळूहळू, काचा उघड्या ठेवून. हाका मारत. घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा. एका घरातून टीव्हीचा आवाज येत होता. वृंदाने दार वाजवलं. टीव्ही बंद झाला. दार उघडलं नाही.

सात वाजून वीस मिनिटं.

भोंगा खरखरला.

गाणं नाही. काही नाही. तीच बाई.

"सहा वाजल्यापासून... बेपत्ता असलेली व्यक्ती... सापडली आहे."

या वेळी वृंदाला प्रत्येक शब्द समजला. म्हणजे... तिला समजावा इतका सावकाश तो उच्चारला जात होता.

"पश्चिमेच्या धक्क्यावर... सिमेंटच्या ठोकळ्यांपाशी... सोबतच्या मंडळींनी... येऊन... घेऊन जावं."

मग शांतता. खर्र... आणि बंद.

धावले. धक्क्याच्या टोकाला ते चार पायांचे मोठे ठोकळे असतात ना, लाटा अडवायला, तिथे. लाट फुटत होती. पाणी वर उडत होतं. टॉर्च फिरवला. ठोकळे... पाणी... ठोकळे...

मरून.

दोन ठोकळ्यांच्या फटीत सत्यजितचा पाय घोट्यापर्यंत अडकला होता. कंबरेपर्यंत भिजलेला. धक्क्याच्या कडेला पाठ टेकून बसलेला. ओठ निळे. पण शुद्धीवर. आणि त्याचा उजवा हात बाजूला, असा... कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा... उपडा ठेवलेला.

टॉर्चचा उजेड डोळ्यांवर आला तसा तो वैतागला.

"आता परत कुठे गेला होतास? आत्ता तर इथे होतास."

प्रसन्न जागच्या जागी थांबला.

"मी?"

"मग कोण? तासभर बसलायस. आता उठून कशाला गेलास?"

वृंदाच्या ओरडण्याने तीन-चार कोळी आले, गावातला पोलीस आला. पहारीने ठोकळा जरा हलवून त्यांनी पाय सोडवला. घोट्याचं हाड मोडलं होतं. लाटांचा जोर बघता आणखी अर्ध्या तासात तो ओढला गेला असता, असं कोळ्यांचं म्हणणं. मग गावातल्याच एका घरगुती लॉजवर त्याला निजवलं, डॉक्टर बोलावला. पोलीस जबाब लिहायला बसला. इतक्या अंधारात नेमकं ठिकाण कसं सापडलं, असं त्याने विचारलं. वृंदा म्हणाली, तुमच्या भोंग्यावर सांगितलं म्हणून.

पोलिसाने पेन खाली ठेवलं. लॉजच्या मालकिणीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"पाचच्या गाण्यानंतर आज भोंगा लागलेला नाही," तो म्हणाला. "आणि कुणी हरवलंय हे आम्हाला तुम्ही ओरडलात तेव्हाच कळलं."

जबाबात त्याने तेवढी ओळ लिहिली नाही.

रात्री सत्यजितजवळ वृंदा बसली होती. तो गुंगीत होता, पण बोलणं सरळ होतं. म्हणाला, "वहिनी, माझा आता राग नाही. त्याने सगळं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ऑगस्टचं. मी दुसऱ्यांदा चाचणी न करताच अहवालावर सही केली होती. ते त्याने पाहिलं. मला न विचारता वर जाऊन सांगितलं. म्हणाला, तुझ्याशी आधी बोलायला हवं होतं, धीर झाला नाही. रडला हो. माझा हात सोडला नाही. सारखा म्हणत होता, झोपू नकोस, येतायत, येतायत."

वृंदा बाहेर आली. प्रसन्न व्हरांड्यात उभा होता. तिने त्याला विचारलं, तू विभागप्रमुखांना सांगितलं होतंस का? तो म्हणाला, हो. दुसरा प्रश्न विचारला, आज सत्यजितला ते सांगितलंस का?

"नाही. वृंदा, शपथ. मला तो दिसलासुद्धा नाही."

"पंचवीस मिनिटं कुठे होतास?"

"दहा मिनिटं होतो..."

मग तिने काही विचारलं नाही. विचारून काय करणार? तो सापडलेल्या मित्राला तिथे सोडून आला असेल, तर तिला अशा माणसाबरोबर राहायचं नव्हतं. आणि तो खरं बोलत असेल... तर त्याचा आवाज घेऊन तिथे तासभर कोण बसलं होतं?

सत्यजित डिसेंबरात पुण्याला गेला, पायाला प्लास्टर घालून. अजून आहे. दिवाळीला प्रसन्नला पत्र यायचं, आता फोन येतो. दर वेळी तो म्हणतो, तू त्या रात्री हात धरून बसलास म्हणून मी आहे. आणि प्रसन्न दर वेळी गप्प राहतो. खरं सांगायचं, तर माफीही परत करावी लागेल ना. कारण ती त्याने मागितलेलीच नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चार तारीख. लख्ख ऊन. गाडी काढण्याआधी वृंदा एकटीच धक्क्यावर गेली. मग परत येऊन प्रसन्नला म्हणाली, "चल जरा."

लाटा रात्रीतच उतरल्या होत्या. सिमेंट वाळून पांढरं झालं होतं. सत्यजित बसला होता ती जागा, कोरडी. कोळ्यांचे, पोलिसाचे, त्या दोघांचे, कुणाचेच पाय उमटलेले नव्हते.

आणि त्या जागेला लागून... उजव्या बाजूला... बसलेल्या माणसाचा ओला डाग. पुढे बुटांचे दोन ओले ठसे. शेजारी शेजारी. समुद्राकडे तोंड करून.

"पाय ठेव," वृंदा म्हणाली.

"काय?"

"ठेव."

त्याने ठेवला. डावा. मग उजवा. तंतोतंत. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली... तीसुद्धा.

त्याने पाय काढून घेतले. बूट कोरडे होते. दोघं तिथेच उभी राहिली. दहा वाजले. साडेदहा. ऊन पाठीला चटके देत होतं.

अकराला दोघं निघाली. ठसे ओलेच होते.