गोवर्धनचं इंजिन

बसा, भाऊ. इंजिन न्यायला आलात, पण लाइट गेलीय. अनुपभाऊजी गावातून माणसं घेऊन येतील, मग टेम्पोत चढवा. झोपलेल्या पोरीचा हात मी एवढा घट्ट का धरलाय, असं तुमच्या मनात आलं असेल. सांगते.

आमची शेवंती आणि झेंडू रोज अकोल्याच्या बाजारात जातात. गोवर्धन, माझा नवरा, डिझेलच्या गाडीतून न्यायचा. परत आला की अंगणात गाडी बंद करण्याआधी दोनदा रेस द्यायचा. म्हणजे, आलो. ते ऐकलं की माझ्या सासूबाई तवा ठेवायच्या. आणि सगळ्यांना कुठे जायचं असलं, मी निऱ्या करत बसले, की बाहेरून एकच लांब रेस. चला, निघा. मी फार चिडायची त्यावर.

थंडीत एका ट्रकनं त्याच्या गाडीला बाजूनं उडवलं. ड्रायव्हरची बाजू पार चेपली, इंजिनाला मात्र ओरखडाही नाही. मी रडले नाही. बाया म्हणाल्या, रागिणी दगड झाली. झालेच होते. फुलं तोडायची, भाकरी थापायची, या पोरीची, करिश्माची, वेणी घालायची, एवढं हातांना येत होतं.

पण फुलं कोणासाठी थांबत नाहीत. सासऱ्यांच्या वेळचा पेट्रोलचा पिकअप दारात गंजत उभा होता. भाऊजी म्हणाले, "वयनी, दादाचं इंजिन याच्यात बसवतो. तुमी फक्त हो म्हना." मी हो म्हटलं. तेव्हा काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

मिस्त्रीनं चेन-कप्पीनं इंजिन उतरवलं आणि अंगणात जुन्या टायरवर ठेवलं. गोवर्धनच्या फोटोला सासूबाई हार घालू देत नव्हत्या. "फोटोले हार मेलेल्या मानसाचा असते," म्हणायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी घरच्या झेंडूचा हार ओवला आणि इंजिनाला घातला. वर हळदकुंकू, दसऱ्याला गाडीला लावतो तसं. कोणी अडवलं नाही. चालत्या गाडीलाच हार घालतात ना, भाऊ? आमचं चुकलं ते तिथे.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या वेल्डिंग करून इंजिन पिकअपमध्ये बसवलं. भाऊजींनी चालू केलं, छान चाललं. मग त्यांनी बंद करायची तार ओढली. इंजिन थांबलं नाही. दोनदा रेस झाली, आणि मगच थांबलं.

"मी रेसवर पाय नाई ठेवला, वयनी..." भाऊजी म्हणाले.

आत तवा वाजला.

"आला व गोवर्धन," सासूबाई म्हणाल्या. "भाकर टाक, रागिणी."

मी टाकली.

मग ते रोजचंच झालं. भाऊजी अकोल्याहून यायचे, तार ओढायचे, दोनदा रेस व्हायची. ते खाली मान घालून उतरायचे. सासूबाई एक ताट जास्त वाढायच्या, आणि आम्ही जेवायचो. मला भीती वाटली का? नाही. खरं सांगू, बरं वाटायचं. इतक्या दिवसांत तेवढ्याच आवाजानं मी मान वर करून दाराकडे बघायची.

काल दुपारी भाऊजी जेवत होते. चावी त्यांच्या खिशात. अंगणातून एकच लांब रेस आली.

मी तशीच धावले. काचा बंद, आत करिश्मा बसलेली, पायात चपला. दार उघडलं तर डिझेलचा वास नाकात भरला, आणि त्यात ताज्या शेवंतीचा. गाडीत मात्र एकही फूल नव्हतं.

"बाबा म्हनते, चाल लवकर," ती म्हणाली. "तुले नाई बलावलं, आई. मलेच."

मी तिला ओढून बाहेर काढलं. तेव्हा घाबरले. गोवर्धन गेल्यापासून पहिल्यांदा मला माझे हातपाय माझे वाटले. पोर सोडून माझ्याकडे आता काही नाही, भाऊ.

भाऊजींनी लगेच मिस्त्रीला बोलावून इंजिन काढलं. तेच ते, टायरवर. बॅटरी नाही, डिझेलची नळी नाही. नुसतं लोखंड. सासूबाईंनी आज पुन्हा हार घातलाय, तो काढू नका, असंच न्या.

...ऐकलंत?

नाही, तुमच्या टेम्पोचा नव्हे. टेम्पो तर बंद आहे, चावी तुमच्या हातात दिसतेय. एकच होती ना? लांब?

तो कंदील जरा इकडे करा. हिच्या पायांशी धरा. हिला झोपवताना चपला मी काढल्या होत्या, भाऊ. या हातानं... दाराबाहेर ठेवल्या होत्या.