पाहुण्यांनी घंटा वाजवायची नाही

घंटा वाजली आणि आम्ही तिघी जागच्या जागी थांबलो.

माझ्या एका हातात पाना, दुसऱ्या हातात निखळलेली चेन. थोरली चाकात हवा भरत होती, ती पंपाचा दांडा वर धरूनच उभी राहिली. धाकटी स्टुलावर बसून सफरचंद खात होती, तिचा घास गालात तसाच. तिघींनी डोळे मिटले. आवाज पातळ होत होत विरून गेला, तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला.

डोळे उघडले तर दुकानाच्या दारात एक उंच माणूस. निळा गणवेश, सायकलच्या हँडलवर अंगठा, आणि चेहरा असा की आत येताना आपण काहीतरी मोडलं की काय.

"माझं काही... चुकलं का?"

"घंटा वाजवायला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्याला लांबून यावं लागत नाही.

"नीट वाजत नाही, म्हणून दाखवत होतो."

"चांगली खणखणीत वाजतेय."

"हो ना... आत्ताच वाजायला लागली बघा." तो हसला. डाव्या गालावर खळी पडली, आणि खळीच्या शेजारी भाजल्याचा जुना डाग. "मी आगीच्या बंबावर असतो. आमच्याकडे घंटा झाली की जीव खाऊन पळायचं असतं. तुमच्याकडे थांबायचं असतं?"

"थांबायचं, आवाज संपेपर्यंत ऐकायचं," थोरली म्हणाली. ती अकरा वर्षांची आहे आणि घरातली न्यायाधीश आहे. "मग घरच्याने वाजवली असेल तर त्याने बोलायचं, आणि खरंच बोलायचं. पाहुण्याने वाजवली तर त्याने भांडी घासायची. तुम्ही पाहुणे."

माझी अपेक्षा होती की हा आता हसून निघून जाईल. तो बाह्या सरसावून मागच्या मोरीवर गेला आणि आमचे चहाचे कप विसळून पालथे घालून आला. जाताना माझ्याजवळ थबकला, आवाज खाली आणला.

"खरं बोलायची परवानगी नाही म्हणून राहून गेलं... घंटा बिघडलेली नव्हती."

माझ्या हातातली चेन पायावर पडली. ग्रीसचा काळा डाग आजही त्या चपलेवर आहे आणि मी तो मुद्दाम पुसलेला नाही.

आता आमच्याबद्दल सांगते, कारण लोक तसेही विचारतातच. थोरली माझ्याकडे आली ती सहा वर्षांची असताना, समुद्रापलीकडच्या देशातून. काळीभोर, केस असे दाट कुरळे की कंगव्यालाच घाम फुटावा. धाकटी आली डोंगरांमधून, दोन वर्षांची. गोरी, नकटी, केस सुतासारखे सरळ. मी मधली, गव्हाळ. तिघी रस्त्याने चाललो की माना वळतात. एका बाईंनी मला भर दुकानात विचारलं होतं, "दोघींचे बाप वेगळे वाटतं?" मी म्हटलं, "हो, आणि आयासुद्धा." पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांची सायकल चांगली होती, एवढंच वाईट वाटलं.

घंटेचं असं झालं. थोरली आली तेव्हा तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. ती किंचाळायची, मीही किंचाळायचे. एक दिवस रागाच्या भरात तिने टेबलावरची सायकलची सुटी घंटा उचलली आणि जोरात वाजवली. मी गप्प झाले. तीही झाली. दोघी तो आवाज संपेपर्यंत ऐकत बसलो. एकमेकींचं पहिल्यांदा काही कळलं असेल तर ते तेव्हा. ती घंटा मी जेवणाच्या टेबलाला स्क्रूने पक्की बसवून टाकली. भांडण पेटलं, कोणाला रडू आलं, कोणाचं कोणी ऐकेना झालं, की वाजवायची. आणि तिच्या गावचा पाण्याचा शब्द आम्ही ठेवून घेतला. आमच्या घरात पाण्याला लुमा म्हणतात. मिठाचा शब्द धाकटीच्या भाषेतला आहे. येणारा-जाणारा गोंधळतो, गोंधळू दे.

बंबवाला गोंधळला नाही. ब्रेक, सीट, पंक्चर, काही ना काही घेऊन तो येत राहिला. तिसऱ्या खेपेला आपणहून म्हणाला, "थोडं लुमा मिळेल का?" थोरलीने त्याच्याकडे बारीक नजरेने बघितलं आणि पेला भरून आणला. काठोकाठ. ती कोणालाही काठोकाठ भरून देत नाही.

"आज काय बिघडलंय?" मी विचारायचे.

"ब्रेक लागत नाहीत."

"सायकलचे?"

"माझे."

"मग रस्त्यावर कशाला येता? लोकांच्या जिवाला धोका."

"एकाच माणसाच्या जिवाला आहे... आणि ते माणूस बाजूलाही होत नाही."

बाहेर भुरभुर पाऊस होता, दुकानात ओल्या रबराचा वास. मी त्याची ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून भोक शोधत होते. बुडबुडे आले तिथे बोट ठेवायला गेले, तर त्याचंही बोट तिथेच. दोघांनीही काढलं नाही. पंक्चर एवढंसं होतं, पण आम्ही ते बराच वेळ दाबून धरलं.

"तुम्हाला माझी भीती वाटते का?" त्याने विचारलं.

"भीती? मला?" मी हात झटकला. "ऐका. ह्या दारात तुमच्या आधी दोघे येऊन गेले. एक म्हणाला, मुली लहान आहेत तोवर ठीक आहे. दुसरा म्हणाला, आपलं स्वतःचं झालं की ह्यांचं काय करायचं ते बघू. त्याला मी हातात पंप घेऊन रस्त्यापर्यंत पोचवलं."

"मला पोचवायची वेळ आली तर?"

"तुम्हाला... पंप न घेता पोचवीन."

"हे मी प्रेमाचं बोलणं समजू का?"

"सवलत समजा," मी म्हटलं आणि मान खाली घातली, कारण कानापर्यंत लाल झाले होते आणि ते त्याला दिसायला नको होतं. दिसलंच.

मग एका रविवारी लग्नाचं बोलायचं म्हणून तो आईला घेऊन जेवायला आला. त्यांचा नवरा लवकर गेलेला, परिचारिकेची नोकरी करून एकटीने मुलाला वाढवलेलं. कडक इस्त्री, कडक पाठ. मला बाई आवडली, खोटं का बोलू. मी भाकरीपेक्षा पाव बरा म्हणून पाव भाजला होता, उकडलेले बटाटे, अंडी. धाकटीने त्यांना आपलं आवडतं ताट दिलं, कडेला टवका उडालेलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

"मुली गुणी आहेत हो," त्या म्हणाल्या. "मला दोघीही आवडल्या. पण अगं, तुमचा नवा संसार. सुरुवातीची काही वर्षं ह्यांना वसतिगृहात ठेवलंत तर? चांगली असतात हल्ली. तुमचं स्वतःचं एखादं होईल, ते जरा मोठं होईल. ह्या सुट्टीत येत जातील की. लोक विचारतात गं मला... मी काय सांगू?"

धाकटीने पाव खाली ठेवला. "सुट्टीत म्हणजे कुठे यायचं?"

माझी खुर्ची मागे कोसळली, म्हणजे मी उभी राहिले असणार. डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचं दिसेना. जिभेवर जे आलं होतं ते एकदा बाहेर पडलं असतं तर त्या बाईंनी जन्मात तोंड दाखवलं नसतं, आणि त्यांच्या मुलानेही. मी तोंड उघडलं...

घंटा वाजली.

मी वाजवली नव्हती. मुलींचे हात मांडीवर होते. टेबलाच्या पलीकडून त्याने हात लांब करून ती वाजवली होती, आणि डोळे मिटून बसला होता. आम्हीही मिटले. "हे काय भलतंच..." असं त्याची आई म्हणाली आणि आमच्याकडे बघून गप्प झाली. त्या दिवशी तो आवाज संपता संपेना.

थोरली बोलली तेव्हा तिचा आवाज कापत होता, पण ती न्यायाधीशच होती. "पाहुण्याने वाजवली तर भांडी. घरच्याने वाजवली तर खरं बोलायचं. काका, तुमचं कोणतं?"

"खरं बोलायचं," तो म्हणाला.

मग आईकडे वळला. "आई, मुली असल्या तरी चालेल, असं म्हणून मी ह्या घरात येत नाही. ह्या तिघींचं मिळून जे आहे त्यात मला यायचंय. एकीला जरी काढलं तर ते मोडलं, मग मी लग्न कोणत्या घरात करू? आणि स्वतःचं म्हणतेस... ही धाकटी परवा तापात माझ्या खांद्यावर ओकली. मला किळस आली नाही, नुसती काळजी वाटली. याहून स्वतःचं काय असतं ते मला माहीत नाही. लोकांनी विचारलं तर सांग, मला दोन नाती आहेत."

बाईंनी रुमालाने ओठ टिपले. पिशवी उचलली. "मला घरी सोड," एवढंच म्हणाल्या.

मी दारापर्यंत गेले. "काकू, ह्या घरात तुमचं ताट कायम मांडलेलं राहील. पण आमच्यातलं एखादं ताट उचलायला येणार असाल, तर येऊ नका."

त्या पायऱ्या उतरल्या. तो त्यांच्या मागून सायकल हातात धरून चालत गेला, आणि त्याने वळून बघितलं नाही.

"परत येतील?" थोरलीने विचारलं.

"नाही आले तर नाही. आपण काय कोणाच्या जिवावर जगतोय?" मी ताटं गोळा करायला लागले. तोंडाने हे, आणि आत जीव नुसता टांगणीला. आईचं आणि मुलाचं, किती झालं तरी... दोघी मुली माझ्या पोटच्या असत्या तर जेवढ्या माझ्या झाल्या असत्या तेवढ्याच होत्या, त्यात तडजोड नव्हती. पण मला तो माणूसही हवा होता. फार हवा होता, आणि तसं कबूल करताना मला स्वतःचाच राग येत होता. बाहेर पाऊस वाढला. मी एकच ताट पुसत राहिले.

आणि रस्त्यावर घंटा वाजली. सायकलची.

सवयच ती. तिघीही थांबलो. माझ्या हातात फडकं, थोरलीच्या हातात चमचे. आवाज विरला तेव्हा तो दारात उभा होता, केसांतून पाणी गळत.

"आई?" मी विचारलं.

"सोडलं घरी. रागावलीय. राहील बरेच दिवस." त्याने चेहरा पुसला. "दार लावताना म्हणाली, त्या धाकटीला सांग, मी सुट्टीचं बोलले ते तिच्या मनाला... आणि पुढे बोललीच नाही."

"पुढचं येऊन बोला म्हणावं," मी म्हटलं. "इथे. तिच्यासमोर."

"सांगतो." तो तिथेच उभा. "आता... पोचवणार का मला, पंप न घेता?"

मी टेबलापाशी गेले आणि घंटा वाजवली. आयुष्यात एवढा वेळ कधी डोळे मिटून राहिले नसेन. उघडले तेव्हा तिघंही माझ्याकडे बघत होती.

"बोल," थोरली म्हणाली. "खरं."

"मला तू हवास," मी त्याला म्हटलं. पहिल्यांदाच 'तू' म्हटलं, आणि जीभ अडखळली नाही. "बिघडलेली नसलेली घंटा घेऊन आलास, त्या दिवसापासून. आणि ज्याला हे पटत नाही त्याने आपली सायकल दुसरीकडे दुरुस्त करून घ्यावी."

त्याला बोलायची पाळी नव्हती, नियम पाळत होता. नुसती खळी पडली, आणि डोळे भरून आले.

"आणि भांडी?" धाकटीने विचारलं. "आता कोण घासणार?"

"घरच्यांनाही घासावी लागतात," थोरलीने निकाल दिला आणि त्याच्या हातात घासणी ठेवली.

त्याने ओल्या बाह्या वर केल्या, मोरीवर वाकला आणि मान न वळवताच मला म्हणाला, "जरा लुमा गरम करून दे गं."

मी पातेलं चुलीवर ठेवलं.