चार बोटं जागा

२०२१ सालचा जुलै. दहिसरला आमच्या इमारतीची गच्ची. संध्याकाळचे सात वाजले होते.

माझं वय झालंय, पण आठवण पक्की आहे. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझी नात अपूर्वा तेव्हा बारा वर्षांची. न्यूमोनियातून नुकतीच उठलेली. बाहेर फिरणं बंद, म्हणून माझ्या मुलाने, सुशांतने, तिला गच्चीवर तंबू लावून दिला. अट एकच.

"आई, काही झालं तरी तिला भिजू द्यायचं नाही."

तंबूवर पावसासाठी वेगळं कापड होतं. रेनफ्लाय म्हणतात त्याला. चाळीत आम्ही कौलांवर प्लास्टिक घट्ट बांधायचो, तसं मी ते खालच्या कापडाला चिकटवायला गेले.

"आजी, वाट लावशील! मधे चार बोटं जागा हवी. चिकटलं की पाणी आत. आतून हातसुद्धा लावायचा नाही."

"बरं बाई. तुझा तंबू, तुझे कायदे."

गच्चीचं जिन्याकडचं दार वाऱ्याने आपटत होतं, म्हणून गच्चीच्या बाजूने कडी मीच लावली.

पाऊस कोसळला. आत मात्र कोरडं, उबदार. आम्ही दोघी चणे खात बसलो.

मग... समोरच्या कापडावरचा पावसाचा आवाज थांबला.

फक्त माणसाच्या रुंदीएवढा. बाकी सगळीकडे सर चालूच.

गच्चीवरच्या दिव्याच्या उजेडात कापडापलीकडे एक बाई दिसली... वाकलेली.

मला वाटलं, चौथ्या मजल्यावरची रत्नप्रभा. कपडे न्यायला आली असेल. कडी मी विसरूनच गेले. चाळीत आयुष्य गेलेलं. पावसात दाराशी कोणी उभं राहिलं की तोंडातून आपसूक निघतं.

"आत ये गं. भिजतेस कशाला?"

तंबूच्या दाराची चेन उघडली नाही.

पावसाचा आवाज मात्र पुन्हा भरून आला... आणि बाहेर कोणी नव्हतं.

"आजी! हात लावू नको म्हटलं ना!"

अपूर्वाच्या डोक्यावरच्या कापडावर पाच ओले ठिपके. बोटांचे.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"आणि सरक ना जरा. किती चेपतेस!"

मी तंबूच्या दुसऱ्या टोकाला होते.

आमच्या दोघींच्या मधे, चटईवर, पाणी पसरत होतं... बसल्या माणसाएवढं.

बाहेर धो धो पाऊस. पोरीला भिजू द्यायचं नव्हतं. तरी मी तिचा दंड धरला, चेन ओढली आणि पळत सुटले.

दाराची कडी जशीच्या तशी होती.

सुशांतने वर जाऊन पाहिलं. कापड ताणलेलं, चार बोटं जागा शाबूत. वरून थेंबही गळला नव्हता. चटई मात्र चिंब.

अपूर्वा नऊ दिवस तापाने फणफणली. बरी झाली. आता कॉलेजात जाते. त्या संध्याकाळचा विषय निघाला की उठून जाते.

रत्नप्रभा त्या दिवशी अंधेरीला लेकीकडे होती. पुढे कायमची तिकडेच राहायला गेली.

सुशांतने तंबू मित्राला देऊन टाकला. श्वासाची वाफ साचली असेल, म्हणतो. मीही मान डोलावते.

'आत ये' मीच म्हणाले होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आणि ती परत बाहेर गेली का... तेही मला माहीत नाही.