गप्प राहिलेला भोंगा

पुराचं पाणी ओसरलं तेव्हा म्हातारा मर्व्ह क्रोझियर अंथरुणातच बुडून मेलेला सापडला. त्या रात्री गावातले सगळे भोंगे वाजले होते. नदीच्या वळणाआड, मर्व्हच्या दारातला तेवढा वाजला नव्हता.

सगळ्यांनी बोट दाखवलं वायरमन डेसकडे.

"वायर ठणठणीत आहे," तो नरेल टुईगला म्हणाला. ती ब्रिस्बेनहून चौकशीला आली होती. "भोंग्याच्या खांबावरचं बटण दाबून बघा. पण गावाला शिव्या घालायला कुणीतरी लागतंच ना!"

तिनं दाबलं. भोंग्यानं कानठळ्या बसवल्या.

म्हणजे दोष भोंग्यांना हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. तो लिहिला होता मर्व्हच्याच मुलानं, कॅलमनं. कौन्सिलच्या कचेरीत तो सुजलेल्या डोळ्यांनी बसला होता.

"नदी चढली की सगळे भोंगे वाजतात?" नरेलनं विचारलं.

"सगळे." त्यानं कोड दाखवला. सरळ, स्वच्छ.

"मशीन हेच वाचतं?"

"नाही. कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेली फाइल. ती माणसाला वाचता येत नाही."

"बदल कोण करू शकतं?"

"मी एकटाच."

"वडिलांची तब्येत?"

"हृदय अधू. मध्यंतरी भोंगे उगाचच वाजायचे. बाबा धडपडत उठायचे. एकदा जिन्यावरून पडले."

नरेल मशीनपाशी जाऊन त्यातली फाइल घेऊन आली, आपल्या लॅपटॉपवर ती वाचता येईल अशी उलटी उलगडली. बराच वेळ ती वाचत राहिली. मग खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली.

"कॅलम, हा कोड तू पूर ओसरल्यावर दुरुस्त केलास. फाइलवर तारीख आहे. पण पुरात लाइन तुटली, कचेरीतून नवी फाइल मशीनवर चढवता आली नाही. तिथे जुनीच आहे. तिच्यात एक ओळ जास्त आहे: रात्री बाबांचा भोंगा वगळायचा. डेसचा यात काही संबंध नाही."

कॅलमनं पडद्यावरचा स्वच्छ कोड बंद केला.

"कंपाइल करताना कोडमधल्या माणसांसाठीच्या टिपा गळून जातात. काय केलंस ते मशीनकडे आहे. का केलंस, ते तूच सांग."

"त्यांना झोप लागावी म्हणून. चार दिवसांपुरतं केलं होतं. मग विसरलो. पुराच्या रात्री इथे बसून एकेक भोंगा ऐकत होतो. वाटलं, बाबाही उठले असतील. ती ओळ सकाळी आठवली."

"आणि डेस?"

"त्याचं नाव मी घेतलं नाही. पण लोक घेत होते, तेव्हा गप्प बसलो."

ब्रिस्बेनला कळवायला नरेलनं फोन उचलला.

"थांबा," कॅलम उठला. "आधी डेसला मी सांगतो."

खिडकीतून तिला दिसलं. बाहेर आपल्या ट्रकपाशी डेसनं सगळं ऐकून घेतलं, मूठ आवळली. मग सावकाश सोडली, आणि ट्रकचं दार उघडून त्या पोराला आत बसवलं.